हिशेब आखाजीला करा, डिसेंबरात वाचा

पत्र :

दादा, मी यावल तालुक्यातल्या एका गावात राहते. वय बावन्न. केळीची शेती आहे. मुलगा-मुलगी पुण्याला असतात, सासूबाई ऐंशीच्या घरात, आमच्याजवळच. शाळेत मला गणित फार आवडायचं, पण पुढे बी.ए. दुसऱ्या वर्षाला सुटलं ते सुटलंच. रात्री साडेआठला भांडी आवरली की घर शांत होतं. डिसेंबर संपत आला की हटकून वाटतं, हेही वर्ष गेलं, आपण काय केलं? मैत्रिणी वर्षभराचे फोटो टाकतात. मुलगी ‘वर्षातली उत्तम पुस्तकं’ अशा याद्या पाठवते, त्यातलं एकही इकडे मिळत नाही. पुढच्या वर्षी पन्नास पुस्तकं वाचायचा संकल्प कर, म्हणते. मला पन्नास नकोत. या आठ-दहा रात्रींत काय वाचू आणि कशावर विचार करू, तेवढं सांगा. विचार करायला बसले की फिरून फिरून स्वतःच्या चुकांवरच येते.

– एक वाचक

उत्तर :

ताई, नमस्कार.

पुस्तकांचं नंतर बघू. आधी ‘आपण काय केलं’ या प्रश्नाचं बघू, कारण तो तुम्हाला वाचू देणार नाही. आत्ता शेतात काय उभं आहे ते डोळ्यांसमोर आणा. कापसाची शेवटची वेचणी बाकी आहे. दादर ज्वारी उभी आहे, गहू लहान आहे, हरभऱ्याला घाटे धरायचे आहेत. थंडीनं केळीचा घड पोसत नाही, म्हणून तुमचे यजमान काळजीत असतील. अशा दिवसांत उभ्या पिकाच्या उत्पन्नाचा हिशेब कोणी करतं का? आपल्याकडे सालदाराचं साल आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सरतं आणि नवं आखाजीलाच ठरतं. सरकारसुद्धा आपलं खातं ३१ मार्चला बंद करतं. मग घर, शेत, सासूबाई आणि लांब गेलेली मुलं एवढं सगळं सांभाळणाऱ्या बाईनं ३१ डिसेंबरच्या रात्री स्वतःचा ताळेबंद मांडून रडवेलं का व्हावं? तो हिशेब आखाजीपर्यंत उभा राहू द्या. तेव्हा झोके बांधले असतील, मुलगी घरी आली असेल आणि शेतानं काय दिलं तेही कळलेलं असेल.

या आठ-दहा रात्री मात्र मोकळ्या आहेत. त्या तुमच्या स्वतःबाहेरच्या गोष्टींना द्या, असं माझं कळकळीचं सांगणं आहे. आणि त्या गोष्टी शक्यतो एसटीनं एका दिवसात जाऊन येता येईल एवढ्या जवळच्या असाव्यात. जवळचं वाचण्याचा फायदा असा, की पुस्तकात धुळे आलं की तुम्हाला तिथलं ऊन आणि धूळ ठाऊक असते. लेखकाला जे सांगायचं राहून गेलं, ते तुम्ही भरून घेता.

पहिलं पुस्तक विनोबांचं ‘गीता प्रवचने’. नाव ऐकून हे देवघरातलं पुस्तक, असं समजून बाजूला ठेवू नका. १९३२ साली विनोबा धुळ्याच्या तुरुंगात होते. स्वातंत्र्याच्या चळवळीतले कितीतरी कैदी तिथे होते, त्यांच्यापुढे ते दर रविवारी गीतेच्या एका अध्यायावर बोलायचे. २१ फेब्रुवारीला सुरुवात झाली, १९ जूनला शेवट. अठरा अध्याय, अठरा रविवार. हे बोलणं उतरवून घेतलं साने गुरुजींनी. गुरुजी अंमळनेरला शिक्षक असताना वसतिगृहातल्या मुलांसाठी ‘छात्रालय दैनिक’ हातानं लिहून काढायचे, तेव्हा रोज भरभर लिहायची त्यांच्या हाताला सवय होती. त्या हातानं जे टिपलं तेच आज आपल्यापुढे पुस्तक म्हणून आहे. म्हणून त्याची वाक्यं बोलल्यासारखी येतात, छोटी, समोरच्या माणसाकडे बघून म्हटलेली. समोर बसलेल्यांत शिकलेले होते तसे खेड्यातले साधे कार्यकर्तेही होते, आणि सगळ्यांनाच उद्याचा दिवस त्याच भिंतीत काढायचा होता. कर्म, फळ, मन लावून केलेलं काम हे शब्द अशा जागी बोलले गेले, हे मनात ठेवून वाचलं की त्यांना वेगळंच वजन येतं.

ते आठ रात्रींत उरकू नका. ज्या गतीनं बोललं गेलं त्याच गतीनं वाचा, रविवारी एक. डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी पहिला अध्याय घेतलात तर अठरावा एप्रिलच्या अखेरीस येईल, म्हणजे आखाजीच्या आसपास. मधल्या सहा दिवसांत तो अध्याय मनात राहतो. तुमच्यासारख्या दिवसभर हात कामात असणाऱ्या माणसाला हीच गती मानवते, असं माझं मत आहे. पन्नास पुस्तकांच्या शर्यतीत मनात राहायला जागाच उरत नाही.

आता गणिताबद्दल. तुम्ही ते वाक्य ओघात लिहून गेलात, पण मला तुमच्या पत्रातलं ते सगळ्यांत महत्त्वाचं वाटलं. तुमच्यासाठी दुसरं पुस्तक आहे भास्कराचार्यांची ‘लीलावती’. ११५० साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी त्यांनी ती लिहिली. अंकगणित, भूमिती, मोजमाप, सगळं श्लोकांत आहे, आणि मराठीत तिची भाषांतरं आहेत. भास्कराचार्यांचं मूळ गाव कोणतं यावर अभ्यासकांत वाद आहे. पण खानदेशाशी त्यांचं नातं दगडात कोरलेलं आहे. चाळीसगावजवळ सातमाळा डोंगररांगेच्या पायथ्याशी पाटणादेवी आहे ना, तिथल्या पाटण गावातला शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. १२०७ च्या सुमाराचा हा लेख. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यादव राजा सिंघणाच्या दरबारात ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यानं तिथे मठ काढला, असं त्यात लिहिलं आहे. लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. पाटणच्या बाजारात माल विकायला सुटला की गिऱ्हाइकाकडून राजाला जो वाटा जायचा, तो मठाला दिल्याची त्यात नोंद आहे. आठशे वर्षांपूर्वी आपल्याच भागात कोणीतरी बाजारातून काही विकत घेत होतं आणि त्यातला एक अंश ‘लीलावती’ शिकवण्यावर खर्च होत होता. एका रात्री नुसता याच्यावर विचार करा. आज आपल्या तालुक्याच्या बाजारात एवढी केळी, एवढा कापूस विकला जातो. त्यातलं काय शिकण्यासाठी जातं?

लीलावती ही भास्कराचार्यांची मुलगी होती, घटिकापात्रात, म्हणजे वेळ मोजायच्या भांड्यात, मोती अडकला आणि तिच्या लग्नाचा मुहूर्त चुकला, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. अकबराच्या दरबारातल्या फैजीनं १५८७ मध्ये ग्रंथाचं फार्सी भाषांतर केलं, त्यातून ती पसरली. मूळ ग्रंथात मुहूर्ताचा काही उल्लेख नाही. त्यात एक मुलगी आहे, जिला थेट प्रश्न विचारले जातात आणि जी ते सोडवू शकते असं गृहीत धरलेलं आहे. मला तीच जास्त आवडते.

त्यातला एक प्रश्न इथेच देतो. तळ्यात कमळाची कळी आहे, पाण्याच्या वर एक वीत. वाऱ्यानं ती हळूहळू कलली आणि दोन हातांवर जाऊन पाण्यात बुडाली. पाणी किती खोल? एक वीत म्हणजे अर्धा हात, एवढं लक्षात ठेवा.

कागदावर आकृती काढा. उभी रेघ म्हणजे पाण्याची खोली. आडवी रेघ दोन हात. तिरपी रेघ म्हणजे कललेला देठ, तो खोलीपेक्षा अर्ध्या हातानं लांब. काटकोन त्रिकोण झाला. आडव्या बाजूचा वर्ग चार. हा चार म्हणजे देठाचा वर्ग वजा खोलीचा वर्ग, आणि दोन वर्गांची वजाबाकी म्हणजे त्या दोन संख्यांची बेरीज गुणिले त्यांच्यातला फरक, हे आपण आठवीत शिकलो. फरक अर्धा आहे. चारला अर्ध्यानं भागलं की आठ. म्हणजे देठ आणि खोली मिळून आठ हात, आणि दोहोंत फरक अर्ध्या हाताचा. आता पुढचं तुम्हीच करा. पावणेचार आलं तर बरोबर. पाण्यात न उतरता, एक काठीही न बुडवता खोली कळली. शेततळ्याच्या काठी उभं राहून पुन्हा एकदा याचा विचार करा, मला वाटतं तुम्हाला शाळेतला तो आनंद जसाच्या तसा सापडेल. तो तेव्हा सुटला त्यात तुमची चूक नव्हती, आणि तो परत घ्यायला बी.ए.ची गरज नाही.

गणितातून तुम्हाला आणखी एका कोड्याकडे नेतो, त्याला पुस्तकही लागत नाही. तुम्ही पहाटे उठत असाल. वर्षातला सगळ्यांत लहान दिवस २१ किंवा २२ डिसेंबरचा, त्यानंतर दिवस मोठा होऊ लागतो, हे आपल्याला पाठ आहे. पण मग जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सकाळी अंधार जास्त का वाटतो? कारण तो खरंच जास्त असतो. आपल्या भागात सूर्य सगळ्यांत लवकर मावळतो तो नोव्हेंबरच्या अखेरीला, आणि सगळ्यांत उशिरा उगवतो तो जानेवारीच्या मध्याला, संक्रांतीच्या आसपास. संध्याकाळ डिसेंबरभर लांबत असते, सकाळही उशिरा होत असते. याचं कारण असं, की पृथ्वीचा आस कललेला आहे आणि तिची वाट अगदी गोल नाही. या दिवसांत एका मध्यान्हीपासून दुसऱ्या मध्यान्हीपर्यंत चोवीस तासांहून जवळजवळ अर्धा मिनिट जास्त लागतो. घड्याळ चोवीस तास धरून चालतं, सूर्य रोज थोडा मागे राहतो. म्हणून उगवणं आणि मावळणं दोन्ही पुढे ढकललं जातं.

आणखी एक. पृथ्वी सूर्याच्या सगळ्यांत जवळ असते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटरवर. जुलैत ती १५ कोटी २१ लाखांवर जाते. म्हणजे आपण शेकोटीपाशी बसलेलो असतो तेव्हा सूर्य आपल्या जास्त जवळ असतो. थंडी अंतरानं पडत नाही, किरणं तिरपी पडतात आणि दिवस लहान असतो म्हणून पडते.

आणि संक्रांत? उत्तरायण २२ डिसेंबरला सुरू होतं, मग संक्रांत तीन आठवड्यांनी का? पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा सावकाश डोलतो, एका फेऱ्याला जवळपास २६ हजार वर्षं लागतात. त्यामुळे ताऱ्यांवरून मोजलेली संक्रांत ऋतूंपासून हळूहळू सरकते, सुमारे सत्तर वर्षांत एक दिवस. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा, आणि त्या दिवशी संक्रांत होती. आता ती १४-१५ ला येते. तिळगूळ वाटताना सासूबाईंना हे सांगा. त्या म्हणतील, असं कसं? मग ओट्यावरून सूर्य कोणत्या झाडाच्या कोणत्या बाजूनं उगवतो ते आजपासून महिनाभर दोघी मिळून बघा. सुरुवातीला तो जागचा हलत नाहीसं वाटेल, मग उत्तरेकडे सरकायला लागेल.

सासूबाईंचं नाव निघालं, तर मला सगळ्यांत जास्त ज्याबद्दल बोलायचं आहे तिकडे येतो.

३१ डिसेंबर १९२६ या दिवशी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे धुळ्यात वारले. आयुष्यभर हा माणूस गावोगाव फिरून जुनी कागदपत्रं गोळा करत राहिला. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे बावीस खंड त्यातून निघाले. त्यांच्या नावाचं राजवाडे संशोधन मंडळ धुळ्यात आहे. ते कागद कोणाच्या माळ्यावर, कोणाच्या पेटीत पडून होते. घरच्या माणसांना त्यात काही विशेष आहे असं वाटत नव्हतं. बहिणाबाईंचंही तसंच. असोद्याच्या या बाईला लिहिता-वाचता येत नव्हतं. ती शेतात, जात्यावर गाणी रचायची, आणि मुलगा सोपानदेव यांनी ती उतरवून ठेवली म्हणून राहिली. ३ डिसेंबर १९५१ ला त्या गेल्या. पुढच्या वर्षी आचार्य अत्र्यांच्या पुढाकारानं पुस्तक निघालं. घरात कोणी कागद-पेन घेऊन बसलं नसतं, तर आपल्याकडे बहिणाबाई नसत्याच.

तुमच्या घरात ऐंशीच्या घरातली एक बाई आहे. त्यांना आखाजीची गाणी येत असतील, झोक्यावरची, माहेर-सासरची. कानबाई देवीची येत असतील, जात्यावरच्या ओव्या येत असतील. रात्री साडेआठनंतरचा एक तास त्यांच्याजवळ वही घेऊन बसा. फोनवर आवाज जरूर घ्या, पण हातानं लिहाच, कारण लिहिताना आपण थांबून विचारतो, ‘आई, हा शब्द म्हणजे काय?’ आणि मग एका शब्दापाठी एक गोष्ट निघते. त्या ज्या बोलीत म्हणतील त्याच बोलीत लिहा, प्रमाण मराठी करू नका. कडवं आठवलं नाही तर जागा सोडा, चार दिवसांनी भाजी निवडताना अचानक आठवतं. कोणाकडून शिकल्या, कोणत्या गावी, हे शेजारी टिपून ठेवा.

आणि फैजपूरचं विचारा. काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन तुमच्या जवळ, फैजपूरला भरलं होतं, १९३६ च्या डिसेंबरात, २७ आणि २८ तारखेला. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. गांधीजी आले होते. नंदलाल बोस शांतिनिकेतनहून आले आणि बांबू, चटया अशा गावाकडच्याच साहित्यातून त्यांनी ते सारं नगर सजवलं. सासूबाई त्यानंतर जन्मल्या, पण त्यांचे वडील, सासरे तेव्हा तरुण असतील. कोण पायी गेलं, कोणी पोलिसांच्या भीतीनं घरीच राहायला सांगितलं, बायकांना जाऊ दिलं की नाही, हे त्यांनी ऐकलेलं असेल. हे कोणत्याही पुस्तकात तुम्हाला मिळणार नाही. आणि ज्या दिवशी त्या नसतील त्या दिवसापासून कुठेच मिळणार नाही, हे मी घाबरवायला लिहीत नाही, खरं आहे म्हणून लिहितो.

कवितेची एखादी रात्र हवी असेल तर बालकवी घ्या. धरणगावचे. तिशी गाठायच्या आत, १९१८ साली, भादली स्टेशनाजवळ रेल्वे अपघातात गेले. जळगाव-भुसावळ करताना तुम्ही ते स्टेशन किती वेळा ओलांडलं असेल! त्यांच्या कविता मोठ्यानं वाचा, मनातल्या मनात वाचून त्यांची लय सापडत नाही.

एक काम मात्र या दिवसांत टाळा. पुढच्या वर्षीची भाकितं, राशिभविष्यं आणि ‘सरत्या वर्षानं काय शिकवलं’ छापाचे संदेश वाचू नका. ते वाचून झाले की माणूस पुन्हा स्वतःकडेच वळतो, आणि तीच तर तुमची तक्रार आहे.

तरी मधूनच चुकांचा विचार आलाच, तर त्याला हाकलत बसू नका. वहीच्या शेवटच्या पानावर एका ओळीत लिहा, पुढे ‘आखाजी’ असं लिहा आणि पान उलटा. तेव्हा त्यातलं काय अजून खरं वाटतं ते बघू.

पुस्तकं मिळण्याचं म्हणाल, तर ‘गीता प्रवचने’ तालुक्याच्या वाचनालयात बहुतेक मिळेलच, नाहीतर सर्वोदयवाल्यांच्या दुकानात थोड्या पैशांत मिळतं. फोन हातात असतोच, तर त्यावर मराठी विश्वकोश उघडा, फुकट आहे. पिंपळनेरला जन्मलेले तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे प्रमुख संपादक होते. त्यात ‘केळ’ शोधा आणि तिथून जिथे जावंसं वाटेल तिथे जा. ‘लीलावती’चं मराठी भाषांतर मात्र इकडे लगेच मिळणार नाही. मुलीला सांगा, याद्या पुरे, संक्रांतीला येताना तेवढं एक पुण्याहून घेऊन ये. तोवर तिला कमळाचा प्रश्न पाठवा, उत्तर न सांगता.